चारशे ऐंशी आणि एक पूर्णांक नऊ

नवऱ्याच्या रक्तातला एक आकडा चौपट वाढला, त्या दिवशी मी शिरा केला. साजूक तुपातला, पिकलेलं केळं घालून, बेदाणे तुपात फुगवून. शिरा परततानाच डॉक्टरांना मेसेज पाठवला, "सर्व रिपोर्ट सुधारले. तुमचे उपकार." पुढे जोडलेले हात, दोनदा.

हे मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. घरात आम्ही दोघंच होतो, आणि त्यातले एक आतल्या खोलीत छातीखाली उशी घेऊन पालथे झोपले होते.

तेव्हा मी तरुण होते. अडुसष्ट नुकतंच लागलेलं. आता त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा हसू येतं आणि तिच्या पाठीत एक धपाटाही घालावासा वाटतो. आपल्याला आकड्यांतलं सगळं कळतं, असा तोरा होता तिला. बरं, तोऱ्याला कारणही होतं.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. पंपात बसणाऱ्या लोखंडी दांड्या आमच्याकडे व्हायच्या. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पडला तरी दांडी बाद. दर तासाला मशीनवरून पाच दांड्या उचलायच्या, मायक्रोमीटरनं मोजायच्या आणि आलेखाच्या कागदावर ठिपका मारायचा. कागदावर वर एक तांबडी रेघ, खाली एक तांबडी रेघ. ठिपके दोन्हींच्या मधे नांदत असले तर मशीन चालू. ठिपके एकाच बाजूला सरकायला लागले तर ऑपरेटरला हाक मारायची. रेघ ओलांडली की मशीन बंद, मग तो ऑपरेटर कितीही शिव्या घालू दे.

आमचे साहेब म्हणायचे, "ठिपका रेघेबाहेर पडल्यावर ओळखणारा कुणीही असतो. पडायच्या आधी ओळखतो त्याला पगार."

मी आधी ओळखायचे. मशीनच्या आवाजावरून ओळखायचे, असंही लोक म्हणायचे, आणि मी ते नाकारत नसे.

तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत यांना ताप आला. चाचणी केली, ती पॉझिटिव्ह. मला काही नाही, चार दिवस वास गेला आणि परत आला, एवढंच. आमचे नेहमीचे डॉक्टर डोंबिवलीतच, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. पंचवीस वर्षांची ओळख. त्यांनी फोनवरच औषधं सांगितली, दोन दिवसांनी रक्त तपासून घ्या म्हणाले आणि पुढे बजावलं,

"काकू, रिपोर्टमध्ये पंधरा गोष्टी असतील. बाकीच्या राहू द्या. मला दोनच हव्यात. ऑक्सिजन आणि डी-डायमर. डी-डायमर दुप्पट झाला तर मी काकांना घरी ठेवणार नाही."

"म्हणजे नेमकं असतं काय हो ते?"

"रक्तात गुठळ्या होतायत का, त्याचा अंदाज. नंतर नीट सांगतो, काकू. बाहेर पंधरा जण उभे आहेत."

हे 'नंतर' पुढे चार वर्षांनी उगवलं.

त्या महिन्यात आमच्याकडे भाजीवाल्यालासुद्धा डी-डायमर ठाऊक होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एकमेकांना दहावीचे मार्क विचारावेत तसे विचारायचे, तुमच्याकडे किती आला? ज्याचा जास्त, त्याला मान. समोरच्या वहिनी रोज आमच्या कडीला आमटी-भाताची पिशवी अडकवायच्या, बेल वाजवायच्या आणि आपल्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. मधे सहा फूट आणि दोन मास्क.

"किती हो भाईंचा?"

"चारशे ऐंशी."

"हात्तिच्या! आमच्या दिरांचा नऊशे होता. घरीच बरे झाले."

मला इतका राग आला, की मी दार लावून घेतलं. नवऱ्याचा आकडा कमी आहे म्हणून राग यावा, हे त्या अडुसष्ट वर्षांच्या पोरीचं डोकं.

आकडे कानावर पडत होते आणि हात नुसते कसे बसतील? माळ्यावरच्या पेटीतून जुने आलेखाचे कागद काढले. एक फ्रिजवर लोहचुंबकानं लावला. ताप हिरवा, ऑक्सिजन निळा, डी-डायमर लाल. लालसाठी खालपासून वरपर्यंत शून्य ते हजार. पाचशेवर पट्टीनं तांबडी रेघ, कारण रिपोर्टवर तीच हद्द छापलेली होती. पहिला लाल ठिपका चारशे ऐंशीवर, रेघेच्या जरा खाली. इतका नीट ठिपका मी निवृत्त झाल्यापासून मारला नव्हता. मी दिवसातून दहा वेळा फ्रिजपाशी जायचे. खोलीत, यांच्याकडे, चार वेळा.

चार दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. पहिल्या लॅबचा रक्त न्यायला येणारा माणूसच तापानं झोपला होता, आणि लॅब म्हणाली की आठवडाभर घरी कुणी येणार नाही. मग ठाण्याहून लेकीनं तिथल्या एका लॅबला गाठलं. प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळणारा एक माणूस आला, "काका, मूठ आवळा" म्हणाला, नळी भरली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोनवर रिपोर्ट आला.

आता ही जागा जरा सावकाश सांगते, कारण चूक इथेच आहे.

फोनवर तो कागद मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतो. मी डी-डायमरची ओळ शोधली आणि दोन बोटांनी आकडा मोठा केला. एवढा मोठा की पडदाभर तोच. मोठा करताना त्याच्या उजवीकडचं सगळं पडद्याबाहेर ढकललं गेलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. आकडा होता एक पूर्णांक नऊ. आणि तो ठळक छापलेला होता. मला वाटलं, लॅबलाही आनंद झालेला दिसतोय.

चारशे ऐंशीवरून एक पूर्णांक नऊ!

मी फ्रिजपाशी गेले. ठिपका कागदाच्या तळाला, पार खालच्या रेषेला चिकटूनच बसला. दोन ठिपके जोडले तर रेघ अशी कोसळली, जशी गच्चीवरून बादली सोडावी. एकतीस वर्षं तपासणीत काढलेल्या बाईला हे खटकायला नको? कारखान्यात असं माप एका तासात कोसळलं असतं, तर मी मशीनकडे बघितलंही नसतं, आधी मोजणाऱ्याचे कान धरले असते. कुठलीच चांगली गोष्ट इतक्या वेगानं होत नाही, हे मी नव्या पोरींना शिकवायचे. पण तिथे दांडी होती. इथे नवरा होता, आणि मला तो ठिपका खालीच हवा होता.

शिरा घेऊन मी खोलीच्या दाराशी गेले.

"अहो, उठा. तुमचं रक्त एकदम झकास झालंय."

"हो का?"

"दोनशेपट कमी! चारशे ऐंशीवरून एक पूर्णांक नऊ."

हे हळूहळू उठून बसले. थोडा वेळ भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "दोनशे बावन्न."

"काय?"

"पट. दोनशे बावन्नपट."

डोकं ठिकाणावर आहे म्हणजे माणूस बरा आहे, असा मी निष्कर्ष काढला. दोन चमचे शिरा खाल्ला त्यांनी. "बाकीचा नंतर खातो, चांगला झालाय," म्हणाले. तोंडाला चव नसेल, मी म्हटलं. बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावलं. ब्याण्णव. बोट गार असेल म्हणून चोळलं. त्र्याण्णव. दुसरं बोट घेतलं, पंख्याखालून सरकवलं, यांना दोन मोठे श्वास घ्यायला लावले. पंचाण्णव आले. मी पंचाण्णव लिहिलं.

हे वाचताना कुणाला विशेष वाटणार नाही. पण असं माप मिळेपर्यंत मोजत राहिलेल्या एका मुलीला मी एकदा अख्ख्या विभागासमोर रडवलं होतं. आज ती भेटली तर तिनं मला रडवावं.

कौतुक करून घ्यायला कुणीतरी हवं म्हणून मी फ्रिजवरच्या आलेखाचा फोटो काढून साहेबांना पाठवला. साहेब तेव्हा ऐंशीच्या पुढचे, कल्याणला राहायचे. फोन दिवसातून एकदाच उघडायचे, सकाळची पूजा आटोपली की. म्हणजे माझी फुशारकी अख्खा दिवस त्यांच्या फोनमध्ये पडून राहिली, आणि हे अख्खा दिवस पालथे पडून राहिले. मेसेज वाचून डॉक्टरांनी अंगठा पाठवला होता. त्यांना दिवसाला दोनशे मेसेज यायचे. आपण थोडक्यात सांगितलं तर त्यांचा वेळ वाचेल, असा माझा परोपकारी विचार. आकडा जसाच्या तसा लिहून पाठवला असता, तर त्यांनी अंगठ्याऐवजी फोन उचलला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला साहेबांचा फोन आला. तब्येत कशी, वगैरे काही नाही.

"बाई, हा चार्ट तुम्हीच मारलात?"

"हो साहेब. कसा पडलाय बघा ना आकडा!"

"बघितला. दोन्ही ठिपके एकाच मापानं घेतलेत का?"

"लॅब वेगळ्या आहेत साहेब. पहिली इथली, दुसरी ठाण्याची."

"लॅबचं नाही विचारत. आकड्यापुढे काय लिहिलंय ते वाचा."

"अहो साहेब, रक्त आहे हे, दांडी नव्हे."

"दांडी असो नाहीतर रक्त. कागद उघडा. मी थांबतो."

फोनवर बोलता बोलता त्याच फोनमधला कागद कसा उघडायचा, हे मला येत नव्हतं. मी फोन कापला, कागद उघडला, ओळ उजवीकडे सरकवली आणि तिथेच खुर्चीत बसले. पहिल्या रिपोर्टवर होतं नॅनोग्रॅम. दुसऱ्यावर मायक्रोग्रॅम, म्हणजे तोच तो शेपटीवाला म्यू, जो एकतीस वर्षं माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर, माझ्या मायक्रोमीटरच्या डबीवर होता. त्याच्या पुढे हद्द छापलेली, शून्य पूर्णांक पाच. आणि आकडा ठळक होता तो हद्द ओलांडली म्हणून. लॅबला आनंद वगैरे काही झालेला नव्हता.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, पहिला नॅनोत आहे. दुसरा म्यूत."

"एका म्यूत किती नॅनो?"

"हजार."

"मग ठिपका कितीवर?"

"एकोणीसशेवर."

"मारा."

"बसत नाही साहेब. माझा कागद हजारावर संपतो."

मग साहेब म्हणाले, "बाई, मशीन बंद करा. डॉक्टरांना फोन लावा. माझ्याशी काय बोलत बसलात?" आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरांनी मला एक अक्षर बोलून दाखवलं नाही. "ऑक्सिजन आत्ता किती?" एवढंच विचारलं. मी एकदाच लावलं. एक्याण्णव. "कल्याणला एक जागा आहे, मी फोन करतो. मिळेल त्या गाडीनं निघा." खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्यानं मागच्या बाजूला प्लास्टिकचा पडदा लावलेला होता. त्यानं हो-नाही न करता रिक्षा काढली. जिना उतरताना हे दोनदा पायरीवर बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मला म्हणाले, "फ्रिज उघडा राहिला नाही ना?"

हॉस्पिटलात छातीचा स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी सापडली. पोटावर सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ करणारी इंजेक्शनं, नाकाला ऑक्सिजन, असे अकरा दिवस. मला आत सोडत नव्हते. रोज दुपारी तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा.

"आजी, आजोबांचा डी-डायमर आज बाराशे."

"कशात?"

"म्हणजे?"

"नॅनोग्रॅम की मायक्रोग्रॅम? आणि कालच्याच मशीनवर केलात ना?"

"आजी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, इन्स्पेक्टर होते."

"पोलीस?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. अकरा दिवस मला सगळे आकडे एककांसकट, मान देऊन मिळाले.

हे घरी आले. सहा महिने गोळ्या घेतल्या, त्याही संपल्या. पण तेव्हापासून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हे थांबतात आणि किल्ल्या शोधल्यासारखं करतात. किल्ल्या माझ्याकडे असतात. आधी हा माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचा.

तर माझा प्रश्न तेवढाच होता. तो एक दिवस. शिऱ्याचा दिवस. तो मी वाया घालवला नसता, तर हे वळणावर थांबले नसते का? साहेबांना चूक माहीत होती, डॉक्टरांना माहीत होती. यांना मी सांगितलं नव्हतं. यांना वाटत होतं, की सकाळी बरा होता तो आकडा दुसऱ्या दिवशी अचानक वाढला. अशी रोगाची रीतच होती तेव्हा, त्यामुळे कुणी काही विचारलंही नाही.

प्रश्न बोचत होता, पण खरं सांगायचं तर त्याच्या आडून कुतूहलच जास्त डोकावत होतं. हा डी-डायमर आहे तरी काय? एकतीस वर्षं मी जे जे मोजलं ते हातात धरून मोजलं. हे मी न बघता मोजलं आणि फसले. मग त्याला एकदा बघायलाच हवं.

माझ्या बीपीच्या तपासण्या जिथे होतात, तिथल्या लॅबच्या मुख्य डॉक्टर एक पन्नाशीच्या बाई आहेत. एका दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा मी त्यांना गाठलं.

"मला डी-डायमर दाखवाल का?"

"दाखवाल म्हणजे? तो दिसत नाही हो काकू."

"मग समजावा."

त्यांनी समजावलं. रक्त गोठलं की त्याचं जाळं विणलं जातं, चिवट धाग्यांचं. काम झालं की शरीरच ते जाळं कापायला घेतं. कापताना जे बारके तुकडे पडतात, त्यांतला एक ठरावीक तुकडा म्हणजे डी-डायमर. आपल्या अंगात थोडं विणणं, थोडं कापणं रोज चालू असतं, काही झालेलं नसतानाही. त्या आजारात विणकाम बेसुमार वाढायचं, म्हणून तुकडेही वाढायचे.

"म्हणजे लेथखालचा कीस!" मी म्हटलं.

"कसला कीस?"

मग मी त्यांना समजावलं. मशीनवर दांडी कापली जाते तेव्हा खाली लोखंडाचा कीस पडतो. मशीनकडे न बघता नुसता कीस बघितला तरी कळतं, की आज काम किती झालंय. कीस फार पडला तर काहीतरी जास्त कापलं जातंय, हे नक्की. पण कुठल्या मशीनवर, कुणी, कशासाठी, ते कीस सांगत नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला याल का?"

फुशारकीची सवय गेलेली नाही, त्यामुळे हे वाक्य मी लेकीला, समोरच्या वहिनींना आणि केस कापणाऱ्या मुलीला सांगितलं.

त्याच झटक्यात मी माझाही डी-डायमर करून घेतला. ना ताप, ना खोकला, नुसती हौस. नात कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी, लोक हौस म्हणून नेलपॉलिश लावतात. तू रक्त काढतेस?" रिपोर्ट आला, सहाशे चाळीस. नॅनो. तीनदा वाचलं. हद्द पाचशे. पोटऱ्या दाबून बघितल्या, छातीवर हात ठेवला, श्वास मोजले. संध्याकाळपर्यंत मला तीन ठिकाणी गुठळ्या जाणवत होत्या. दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी मी पायरीवर.

"काकू, तुमचं वय किती?" बाईंनी विचारलं.

"बाहत्तर."

"मग ठीक आहे. वय वाढलं की हा थोडा वाढतोच. पाचशेची हद्द तरुणांची. पडलं, लागलं, ऑपरेशन झालं, दुसरा काही संसर्ग झाला, बाईला दिवस गेले, तरी वाढतो."

"शेवटचं तरी सोडून द्या," मी म्हटलं.

हसणं आवरल्यावर मी त्यांना खरं विचारलं. मग हा आकडा भविष्य सांगतो असं सगळे म्हणायचे ते काय? त्या म्हणाल्या, त्या आजाराचे शंभर पेशंट दोन रांगांत उभे केले, आकडा खूप वाढलेले इकडे आणि न वाढलेले तिकडे, तर इकडच्या रांगेतले जास्त जण गंभीर व्हायचे. म्हणून डॉक्टर त्यावर डोळा ठेवायचे. पण इकडच्या रांगेतला एखादा चालत घरी जायचा आणि तिकडच्या रांगेतला एखादा जिवानिशी जायचाच. हे मला लगेच कळलं. पाच दांड्या मोजून आम्ही हजारांच्या ढिगाबद्दल बोलायचो, आणि बहुतेक बरोबर बोलायचो. पण ढिगातली अमुक एक दांडी कुठल्या पंपात जाऊन मोडेल, ते आम्हाला कधीच सांगता आलं नाही. माझ्याकडे ढीग नव्हता. एकच होते.

आता उरले आमचे डॉक्टर. 'नंतर नीट सांगतो' हे त्यांचं उधार वाक्य होतंच. गेल्या महिन्यात बीपी दाखवायला गेले तेव्हा दवाखान्यात बाहेर कुणी नव्हतं. त्यांनी हाताला पट्टा गुंडाळला आणि मी विचारलं,

"डॉक्टर, त्या वेळी आम्ही एक दिवस आधी निघालो असतो, तर?"

"काकू, बोलू नका, बीपी चुकेल."

हवा सुटेपर्यंत मी गप्प. मग त्यांनी पट्टा काढला आणि खुर्ची वळवली.

"अजून तेच डोक्यात आहे?"

"आहे."

"खरं सांगू? मला माहीत नाही. इंजेक्शन एक दिवस आधी सुरू झालं असतं. गुठळी लहान राहिली असती, असं होऊ शकतं. ती आधीच तिथे येऊन बसली होती, असंही होऊ शकतं. डी-डायमर वाढला म्हणजे गुठळी झालीच असं नाही, आणि झाली तर कधी झाली, हे तर तो सांगतच नाही."

"मग कोण सांगतं?"

"पेशंट. त्या दिवशी काका कसे होते? छातीत दुखत होतं? बोलताना धाप लागत होती? पोटरी सुजली होती?"

मला चारशे ऐंशी आठवत होतं. एक पूर्णांक नऊ, ब्याण्णव, त्र्याण्णव, पंचाण्णव, कुठल्या शाईनं कुठे ठिपका मारला, तेही आठवत होतं. यांचा चेहरा आठवेना. उठून बसायला किती वेळ लागला, बोलताना कितीदा थांबले, छातीवर हात होता का, काही नाही. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मी त्यांना निकाल सांगायला गेले होते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीच जुनी गोळी लिहिली. "काका घरी आहेत ना? मग त्यांना विचारा की. मला काय विचारता?"

घरी आले तर हे गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. उन्हं उतरली होती. मी पर्स न ठेवताच समोरच्या स्टुलावर बसले.

"अहो, एक विचारायचंय. चिडायचं नाही."

"विचारायचंय की सांगायचंय? चिडायचं नाही म्हणतेस तेव्हा सांगायचं असतं."

"आधी सांगते. मग विचारते."

आणि सांगितलं सगळं. दोन लॅब, दोन मापं, बोटांनी मोठा केलेला आकडा, डॉक्टरांना पाठवलेला मेसेज. पंचाण्णव येईपर्यंत बोटं बदलत राहिले तेही सांगितलं. साहेबांचा फोन सांगितला. पानं एका बाजूला, देठं दुसऱ्या बाजूला, हात चालूच. माझं संपलं तेव्हा त्यांनी एक जाड देठ मोडून बघितलं, कोवळं आहे का ते, आणि पानांत टाकलं.

"म्हणजे तो आकडा तेव्हाच वाढलेला होता."

"चौपट. एक दिवस माझ्यामुळे गेला. आता मला खरं सांगा. त्या दिवशी, मी दारात येऊन सांगितलं तेव्हा, तुम्हाला कसं वाटत होतं?"

यांचे हात थांबले. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी कुकर वाजला, एक, दोन, तीन. मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पहाटेपासून छातीत उजवीकडे टोचत होतं गं, श्वास आत घेतला की. सांगणारच होतो. पण तू दारात इतकी खूश उभी होतीस, की म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू."